धुक्यात शंभर वॅटचा मोह

पावसाळा लागला की कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट ढगात जातो. म्हैसमाळच्या पठारावर भरदुपारी समोरचा रस्ता पुसला जातो आणि खुलताबादहून वेरूळकडे उतरतानाही तीच गत होते. हिवाळ्यात धुके जागा बदलते. पैठणला नाथसागराचा काठ, गंगापूर-वैजापूरकडची कालव्याखालची उसाची शिवारे पहाटे दाट धुक्यात असतात. त्यात जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग मुंबईजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. तेव्हापासून छत्रपती संभाजीनगरहून निघालेल्या गाडीला इगतपुरीचे पावसाळी धुकेही नेहमीचेच झाले आहे. अशा एखाद्या प्रवासानंतर गाडीमालक कार डेकोरच्या दुकानात जातो आणि विचारतो, फॉग लॅम्पमध्ये जास्त वॅटचा कोणता बल्ब बसेल? दुकानदार शंभर वॅटचा बल्ब काढून देतो, तो होल्डरमध्ये बसतोही, आणि पार्किंगच्या भिंतीवर उजेड दुप्पट दिसतो. ‘सुरक्षित असा जास्त वॅटचा बल्ब कोणता’ हा प्रश्न त्यामुळे फक्त खरेदीचा वाटतो. धुक्याचे भौतिकशास्त्र, गाडीचे वायरिंग, लॅम्पची रचना आणि कायदा या चारही बाजूंनी तो तपासला की उत्तर एकच निघते: कंपनीने दिलेल्या लॅम्पमध्ये त्यावर छापलेल्यापेक्षा जास्त वॅटचा कोणताही बल्ब सुरक्षित नाही, आणि धुक्यात त्याचा फारसा उपयोगही नाही. जास्त उजेड मात्र मिळवता येतो. त्याचा मार्ग वॅटमधून जात नाही, एवढेच.

सुरुवात धुक्यापासूनच करायला हवी, कारण सगळा गैरसमज तिथे आहे. अंधारात आपल्याला उजेड कमी पडतो, म्हणून तो वाढवला की दिसते. धुक्यात उजेड कमी पडत नसतो, तो विखुरला जात असतो. हवामान खाते दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली आली की त्याला धुके म्हणते. ती ५० ते २०० मीटरच्या दरम्यान असली तर दाट धुके आणि ५० मीटरहून कमी असली तर अतिदाट. दृश्यमानता १०० मीटर असणे म्हणजे ढोबळमानाने असे, की १०० मीटर वाट चालताना मूळ प्रकाशाचा पाच टक्केच भाग सरळ रेषेत उरतो, बाकीचा थेंबांवर आपटून इकडेतिकडे जातो. आता गाडीपासून ५० मीटरवर उभी असलेली ट्रॉली पाहायची आहे असे धरा. लॅम्पमधून निघालेला प्रकाश ५० मीटर जाणार आणि ५० मीटर परत डोळ्यांपर्यंत येणार, म्हणजे पूर्ण १०० मीटरची वाट. या धुक्यात दर २३ मीटरला प्रकाश निम्मा होतो. बल्बचा उजेड दुप्पट केला तर या जाण्यायेण्यातले फार तर २३ मीटर भरून निघतात, म्हणजे पुढे दिसण्यात साडेअकरा मीटरची भर. धुके ५० मीटरचे असेल तर ही भर सहा मीटरांवर येते. अंतरासोबत झोत पसरून पातळ होतो तो तोटा यात धरलेलाच नाही. तो धरला तर हाती त्याहूनही कमी लागते.

हा हिशेबसुद्धा बल्बच्या बाजूने झुकवून केलेला आहे. माणसाचा डोळा उजेड पाहत नाही, फरक पाहतो. ट्रॉलीचा करडा पृष्ठभाग आणि भोवतीचा पांढरा पडदा यांत फरक असेल तरच ट्रॉली दिसते. बल्ब दुप्पट तेजस्वी केला की ट्रॉलीवरून परत येणारा प्रकाश दुप्पट होतो आणि लॅम्पसमोरच्या थेंबांवरून डोळ्यांत परत फेकला जाणारा प्रकाशही दुप्पट होतो. फरक होता तिथेच राहतो, उलट पांढऱ्या पडद्याच्या झगमगाटाने डोळ्याची बाहुली आकसते. धुक्यात अपर मारल्यावर समोर भिंत उभी राहते, ती याच कारणाने. फॉग लॅम्पचे सारे सामर्थ्य त्याच्या जागेत आणि झोताच्या आकारात आहे. तो बंपरमध्ये खाली बसवलेला असतो. युरोपीय नियमांत कारसाठी त्याची उंची जमिनीपासून किमान २५ आणि कमाल ८० सेंटिमीटर ठरवलेली आहे. त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो, वरची कड सरळ कापलेली असते. डोळ्यांच्या रेषेतल्या धुक्यावर प्रकाश पडूच द्यायचा नाही आणि रस्त्याची कड, पांढरा पट्टा, खडी जवळून दाखवायची, हे त्याचे काम. दूरचे दाखवण्यासाठी तो बनवलेलाच नाही.

पिवळ्या रंगाचा मुद्दा इथेच उरकून टाकू. पिवळा प्रकाश धुके भेदतो असे सर्रास सांगितले जाते. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तुलनेत खूपच मोठे असतात, त्यामुळे ते पिवळा, निळा, पांढरा सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. निळा प्रकाश डोळ्याला जास्त चकाकी देतो म्हणून तो गाळलेला पिवळा झोत काहींना सुखद वाटतो, एवढे खरे. फ्रान्सने १९३०च्या दशकापासून १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळेच हवेत असा नियम ठेवला होता, शेवटी तो सोडून दिला. पांढरा किंवा पिवळा यांपैकी कोणताही निवडा. निळसर झाक दिलेला ‘सुपर व्हाइट’ मात्र टाळा, कारण काचेवरचा निळा लेप प्रकाश वाढवत नाही, त्यातला काही भाग अडवून ठेवतो. अशाच बल्बच्या खोक्यांवर ‘५५ वॅट बरोबर १०० वॅट’ असे छापलेले आढळते. त्यातला पहिला आकडा वीज किती लागते ते सांगतो, दुसरा केवळ भास विकतो.

आता बल्ब बसवल्यावर वायरिंगमध्ये काय होते ते पाहू. बारा व्होल्टवर ५५ वॅटचा बल्ब साडेचार-पाच अँपिअर करंट ओढतो आणि दोन बल्ब मिळून नऊ-सव्वानऊ. शंभर वॅटचे दोन बल्ब लावले की हा आकडा साडेसोळाच्या पुढे जातो. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे करंट पावणेदोनपटीच्या जरा वर गेला की उष्णता सव्वातीनपट होते. एक चौरस मिलिमीटर जाडीची चार मीटर तांब्याची तार धरली तर ५५ वॅटच्या जोडीला तिच्यात सहा वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते, शंभरच्या जोडीला एकोणीस. तारेतली उष्णता निदान सगळीकडे पसरते, सांध्यांतली नाही. जिथे संपर्क सैल किंवा गंजलेला तिथे ती साठते, म्हणजे बल्बच्या मागच्या कपलरमध्ये. जादा वॅट वापरलेल्या गाडीचा कपलर काढून पाहिला तर प्लास्टिक आधी पिवळट, मग तपकिरी झालेले दिसते. पितळी पट्ट्यांची चमक गेलेली असते, त्यांची पकड सुटलेली असते आणि नखाने दाबले की कड तुटून हातात येते. पकड सुटली की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापते. पुढची पायरी जास्त धोक्याची आहे. पंधरा अँपिअरचा फ्यूज वारंवार उडू लागतो आणि कोणीतरी त्याजागी तीसचा टाकतो. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो. तो तारेपेक्षा दणकट झाला की शॉर्ट सर्किट झाल्यावर आधी तार जळते, आणि बंपरमागे तारेच्या आजूबाजूला असते ते सगळे प्लास्टिक.

वायरिंग वाचले तरी लॅम्पचे डबडे वाचेलच असे नाही. हॅलोजन बल्बचे रसायन चालायला त्याच्या काचेचा पृष्ठभाग अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर राहावा लागतो, म्हणून ती काच क्वार्ट्झची किंवा तशाच टणक काचेची असते. बाहेरचा लॅम्प मात्र आजच्या बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचा असतो. पॉलिकार्बोनेट दीडशे अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. एच-८ प्रकारच्या ३५ वॅटच्या किंवा एच-१६ प्रकारच्या १९ वॅटच्या बल्बसाठी बनवलेल्या छोट्या लॅम्पमध्ये त्याच्या तिप्पट-पाचपट वॅट कोंबले की आतला चकचकीत लेप काळवंडतो, लेन्स दुधट होते, रिफ्लेक्टरचा आकार बदलतो. महिन्या-दोन महिन्यांत उजेड पूर्वीपेक्षाही कमी होतो आणि गाडीमालकाला वाटते, बल्बच खराब निघाला. काचेच्या लेन्सला दुसरा धोका असतो. तापलेल्या काचेवर घाटातल्या खड्ड्यातले गार पाणी उडाले की ती तडकते.

याच बल्बांच्या बुडाशी एक छोटी गोष्ट आहे, जिच्याकडे दुकानात कोणी लक्ष देत नाही. एच-८, एच-९, एच-११ आणि एच-१६ हे चारही बल्ब एकाच कुटुंबातले, बाहेरून जवळपास सारखे दिसतात. त्यांचे वॅट अनुक्रमे ३५, ६५, ५५ आणि १९. एकाच्या जागी दुसरा बसू नये म्हणून प्रत्येकाच्या बुडावरची प्लास्टिकची कानी आणि खाच वेगळी ठेवलेली असते. ब्लेडने ती कानी छाटली की एच-९ एच-११च्या जागी बसतो आणि १,३५० ल्युमेनऐवजी २,१०० ल्युमेन देतो. वॅटमधली वाढ दहाचीच असल्याने ‘सुरक्षित जास्त वॅट’ म्हणून ही युक्ती अनेकांना पटते. पण एच-९ हेडलाइटच्या अपर बीमसाठी बनवलेला आहे. एच-११च्या टोकाला असलेला काळा लेप त्याला नसतो, त्यामुळे समोर थेट सुटणारा प्रकाश अडत नाही आणि फॉग लॅम्पची वरची कड मोडते. म्हणजे ज्या एका गुणासाठी फॉग लॅम्प घेतला तोच गेला. ती कानी बल्बने आपल्याला घातलेली मनाई आहे, ती ब्लेडने छाटू नये. लॅम्प, रिफ्लेक्टर, फिलामेंटची मिलिमीटरच्या अंशापर्यंत नेमकी जागा आणि लेन्स हे एकत्र आखलेले असते, हे छत्रपती संभाजीनगरला नव्याने सांगायला नको. शहरालगतच्या वाळूजमध्ये मुख्यालय असलेल्या व्हॅरॉक कंपनीने २०१२ मध्ये अमेरिकेच्या व्हिस्टिऑनचा वाहन-प्रकाश व्यवसाय विकत घेतला आणि दहा वर्षे जगभरच्या गाड्यांचे दिवे बनवले. २०२२ मध्ये युरोप-अमेरिकेतला तो व्यवसाय फ्रान्सच्या प्लास्टिक ऑम्नियमला विकला. इतकी अभियांत्रिकी ज्या डब्यात भरली आहे ती एका बल्बने उधळायची नसते.

कायदाही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो की समोरच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा. आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा माणसाला तो दिपवू शकता कामा नये. बल्बसाठी एआयएस-०३४ हे भारतीय मानक आहे आणि ते युरोपीय नियमांच्या धर्तीवरचे आहे. कारच्या फॉग लॅम्पमध्ये शंभर वॅटचा बल्ब त्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नियमबाह्य फेरबदलांना मनाई आहे आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे अशा प्रत्येक फेरबदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दंडाचा धाक दाखवायला हे लिहिलेले नाही. गाडीला आग लागली आणि विम्याच्या सर्व्हेअरला बंपरमागे कापून जोडलेली तार आणि तीसचा फ्यूज सापडला, तर दाव्यावर प्रश्न उभा राहतो. नुकसान तिथे मोठे असते.

यावर जाणकारांकडून येणारे आक्षेप वजनदार आहेत, त्यांना उत्तर द्यायलाच हवे. पहिला आक्षेप: रिले टाकली, अडीच चौरस मिलिमीटरची तार बॅटरीपासून ओढली, सिरॅमिक होल्डर आणि धातूच्या डब्याचा, काचेच्या लेन्सचा लॅम्प घेतला, तर आगीचा धोका कुठे राहिला? हे बरोबर आहे. एवढे सगळे नीट केले तर वायरिंग जळत नाही, आणि बंद रॅली-मार्गावर असे दिवे वर्षानुवर्षे वापरात आहेत. पण त्याने धुक्यातली दृश्यमानता वाढत नाही आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचे रक्षणही होत नाही. सार्वजनिक रस्त्यावर ‘सुरक्षित’ या शब्दात समोरचा माणूसही येतो. औट्रम घाटातल्या एखाद्या वळणावर समोरून दुचाकीवर आलेला शेतकरी दिपला आणि दरीच्या बाजूला गेला, तर आपली तार किती जाड होती याला काही अर्थ उरत नाही. दुसरा आक्षेप: ट्रकला ७० वॅटचे बल्ब कंपनीच देते, मग कारला का नको? ट्रकचे वायरिंग २४ व्होल्टचे असते, त्यावर ७० वॅट म्हणजे तीन अँपिअरही करंट नाही. कारच्या ५५ वॅटपेक्षा तो कमीच झाला. आणि त्या बल्बचा प्रकाशही त्या प्रमाणात जास्त नसतो. तिसरा आक्षेप सर्वांत मनापासूनचा आहे: समोरचे सगळे अपर लावून येतात, आपणच कमी उजेडात का राहायचे? रात्री जालना रोडवर किंवा सोलापूर-धुळे महामार्गावर गाडी चालवणाऱ्याला हा त्रास रोजचा आहे, तक्रार अगदी खरी आहे. तरीही आपला उजेड वाढवल्याने आपल्या डोळ्यांत येणारा उजेड कमी होत नाही. समोरचा मात्र त्याला उत्तर म्हणून अपर लावूनच ठेवतो.

एलईडीचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे वॅट कमी आणि उजेड जास्त हा दावा खराच आहे. वायरिंगवरचा ताण एलईडीने निश्चित हलका होतो. अडचण भूमितीची आहे. हॅलोजन लॅम्पचा रिफ्लेक्टर एका बारीक, चोहोबाजूंनी उजळणाऱ्या फिलामेंटसाठी आखलेला असतो. एलईडी बल्बमध्ये दोन बाजूंना चिप असतात, मध्ये पट्टी असते, त्यामुळे झोताचे ठिपके पडतात, काही प्रकाश वर उधळतो आणि काही भागात काळोख राहतो. ‘बल्ब काढा, एलईडी घाला’ या विक्रीमागचे वास्तव हे. जर्मनीने २०२० मध्ये ऑस्रामच्या एका एच-७ एलईडीला परवानगी दिली तीसुद्धा ठरावीक गाड्यांच्या ठरावीक लॅम्पमध्ये तपासूनच. याउलट मुळातच एलईडीसाठी आखलेला, प्रमाणित, पूर्ण फॉग लॅम्प बसवायला हरकत नाही. ज्याला खरोखर सुधारणा हवी आहे आणि खर्चाची तयारी आहे, त्याने बल्ब न बदलता गाडीच्या मॉडेलचा असा अख्खा लॅम्प घ्यावा. नव्या गाड्यांत दिव्यांचा करंट बॉडी कंट्रोल मॉड्यूल मोजत असते. तिथे कापाकापी न करता अधिकृत केंद्रातूनच काम करून घ्यावे.

मग ५५ वॅटमध्येच उजेड वाढवायचा कसा? याचे उत्तर मला या सगळ्या विषयातले सर्वांत उपयोगाचे वाटते, आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजला फार हळवा असतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घसरले की प्रकाश जवळपास तीस टक्क्यांनी घसरतो. जुन्या गाडीत बल्बपर्यंत पोहोचताना स्विच, लांब बारीक तार, गंजलेला कपलर आणि बॉडीला लावलेले सैल अर्थिंग यांत मिळून एक-सव्वा व्होल्ट सहज गळतो. इंजिन चालू ठेवून, फॉग लॅम्प लावून, मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या पायांवर व्होल्टेज मोजायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला तर नवा बल्ब घेण्याआधी ती गळती बुजवावी: अर्थिंगचा नट खोलून खाली पॉलिश पेपर मारावा, कपलर बदलावा, आणि बाहेरून लावलेले लॅम्प असतील तर चार पायांची रिले घालून जाड तारेने थेट बॅटरीवरून वीज द्यावी, फ्यूज बॅटरीजवळच आणि पंधराचाच ठेवून. यात एकही वॅट वाढलेला नसतो आणि हरवलेला तीस टक्के उजेड परत मिळतो, तोही नेमक्या झोतात. उलट बाजूही लक्षात ठेवावी. व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढले की बल्बचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, म्हणून अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडून साडेचौदाच्या वर देत असेल तर तोही तपासावा. खोक्यावर शंभर-दीडशे टक्के जास्त उजेड लिहिलेले नामांकित कंपन्यांचे ५५ वॅटचे बल्ब नियमात बसतात. मात्र ती टक्केवारी रस्त्यावरच्या ठरावीक ठिकाणची असते, एकूण प्रकाश नियमानुसार दहा-पंधरा टक्के इकडेतिकडेच राहतो आणि आयुष्य कमी होते. बल्बच्या बुडावर ‘१२ व्होल्ट ५५ वॅट’ आणि वर्तुळातल्या ‘ई’ची प्रमाणन-खूण वाचूनच तो घ्यावा. काचेला बोट लावू नये. आणि लॅम्पच्या लेन्सवर जमलेली पिवळट साय पॉलिश करून घ्यावी. रोख तपासायला गाडी सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करावी. झोताची वरची कड लॅम्पच्या मध्यापेक्षा निदान पंधरा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे.

एवढे करूनही दाट धुक्यात खरा उपाय एक्सिलरेटरवरच्या पायाखाली असतो. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी ओल्या रस्त्यावर थांबवायला, दीड सेकंदाची प्रतिक्रिया धरून, ८० मीटरहून जास्त अंतर लागते. ताशी ४० ला सुमारे ३०. बल्ब दुप्पट करून मिळणारे साडेअकरा मीटर आणि वेग निम्मा करून वाचणारे पन्नास मीटर यांत निवड कठीण नाही. उत्तर प्रदेशात यमुना एक्सप्रेसवेवर हिवाळ्यात वेगमर्यादाच खाली आणतात, ती याच हिशेबाने. समृद्धीवर १२० ची मर्यादा असली तरी इगतपुरीच्या धुक्यात ती आपल्यासाठी नाही असे समजून चालावे.

आणि जे पाहायचे आहे तेच प्रकाश परावर्तित करत असेल तर फॉग लॅम्पचे काम कितीतरी सोपे होते. परावर्तक पट्टी आलेला प्रकाश विखरून न टाकता आला त्या दिशेने परत पाठवते. कोणताही बल्ब हे काम साध्या लोखंडी पत्र्याकडून करून घेऊ शकत नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात नोव्हेंबर ते मार्च या गळीत हंगामात, धुक्याच्या त्याच महिन्यांत, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे जोडलेले ट्रॅक्टर पहाटे रस्त्यावर असतात, आणि कित्येकांना मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो, असला तरी उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला असतो. साखर कारखान्यांनी काटा करण्यापूर्वी प्रत्येक ट्रॉलीला मागे लाल आणि बाजूला पिवळी परावर्तक पट्टी आहे की नाही हे गेटवरच पाहावे, नसेल तर तिथेच लावून द्यावी, आणि आरटीओने ही तपासणी हंगाम सुरू होण्याच्या आधी, ऑक्टोबरमध्येच पूर्ण करावी.